झाडाखाली माती पसरताय? जरा थांबा

उन्हाळा आला की वॉटफर्डमध्ये घरांच्या एक्स्टेन्शनची कामं सुरू होतात. पाया खणला की ढीगभर माती निघते. ती उचलून न्यायला स्किप मागवायचा तर खर्च, म्हणून बिल्डर सुचवतो, "मागच्या झाडाखाली पसरून टाकू, बागही सपाट होईल." तुम्हीही हो म्हणता. माती घातली तर झाडाचं भलंच होणार, नाही का?

पुढची दोन-तीन वर्षं काही बिघडलेलं दिसत नाही. मग एखाद्या ऑगस्टमध्ये पानं नेहमीपेक्षा लहान वाटतात, लवकर पिवळी पडतात आणि शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागतात. तोपर्यंत मातीची आठवणही कुणाला नसते, आणि दोष जातो हवामानाला.

शाळेच्या पुस्तकातलं झाडाचं चित्र आठवा: जमिनीत गाजरासारखं खोल गेलेलं सोटमूळ. मोठ्या झाडाच्या बाबतीत ते बरंच फसवं आहे. त्याची बहुतेक मुळं वरच्या साधारण 60 सेंटिमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. मुळं श्वास घेतात. त्यांना लागणारा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून झिरपत येतो. वर भराव पडला, त्यावरून मिनी-डिगर फिरला, की पोकळ्या दबतात आणि त्यांत पाणी साचतं. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू पसरतो. बारीक मुळं गुदमरतात. शिवाय बुंध्याची साल सतत ओली राहिली की बुरशीसारखे रोग आत शिरतात.

मुंबईकरांनी हे खाडीकाठी पाहिलेलं आहे. तिवराची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर येतात. त्यांवर राडारोडा ओतला की झाड उभ्या उभ्या मरतं, कुऱ्हाड लागतच नाही. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीवर भराव टाकायला बंदी घातली ती उगाच नाही.

सगळीच झाडं इतकी नाजूक नसतात. विलो, पॉप्लर नव्या मातीत नवी मुळं काढून तग धरतात. बीच मात्र फारच हळवा.

इथल्या बांधकामासाठी बीएस 5837 या मानकात सोपा हिशोब दिलाय: दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याला 12 ने गुणा. 60 सेंटिमीटरच्या खोडाभोवती 7.2 मीटर त्रिज्येचं वर्तुळ अस्पर्श ठेवायचं. म्हणजे टेरेस घराची जवळजवळ अख्खी बाग! झाडावर कौन्सिलचा संरक्षण आदेश असेल तर मुळंही त्यात येतात, म्हणून आधी चौकशी करा.

माती पडूनच गेली असेल तर? आधी बुंधा बघा. निरोगी झाड जमिनीशी रुंदावत जातं. कॅशिओबरी पार्कमधल्या जुन्या झाडांपाशी हे छान दिसतं. तुमचं झाड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत शिरत असेल, तर बुंधा गाडला गेलाय. जादा माती हाताने, हळूहळू काढा, जुना थर लागेपर्यंत. फावडं जपून, नाहीतर मुळंच तुटायची. मोठ्या झाडासाठी दाबाच्या हवेने माती उडवणारे तज्ज्ञ मिळतात. नंतर लाकडाच्या चिप्सचा पाच ते दहा सेंटिमीटर थर चालतो, पण बुंध्याला टेकू देऊ नका.