म्हाताऱ्याचा शब्द हा पुरावा आहे का?

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातली चार प्रमाणं पाहिली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण आजच्या जगण्याशी याचा संबंध काय?" आज त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, आणि त्यासाठी विषय घेतो आदिवासींच्या वाट्याला आलेल्या विषमतेचा.

ही विषमता आपण सहसा आकड्यांत पाहतो. २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ७३ टक्के होती, अनुसूचित जमातींची ५९ टक्के. असे आकडे उत्पन्नाचे मिळतात, कुपोषणाचेही मिळतात. पण या आकड्यांच्या मुळाशी आणखी एक विषमता आहे. कोणाचा शब्द खरा धरायचा, याची.

निवृत्तीनंतर एकदा मी ठाण्याच्या जंगलपट्टीतल्या एका पाड्यावर मुक्कामाला होतो. तिथल्या एका आजोबांनी मला शेत दाखवलं. हा बांध बापानं घातला, हा आंबा आज्यानं लावला, तिकडे आमची माणसं पुरली आहेत, तो दगड म्हणजे आमचा देव. सगळं दाखवून झाल्यावर म्हणाले, "पण साहेब विचारतो, कागद कुठाय?" मी तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. मला उत्तर देता आलं नाही.

हा कागद त्यांच्याकडे का नाही? इंग्रजांनी १८७८ मध्ये आणि पुढे १९२७ मध्ये वन कायदे केले. एखादं जंगल राखीव करायचं तर आधी जाहीरनामा काढायचा, आणि ज्यांचा हक्क असेल त्यांनी मुदतीत तो सांगायचा. १९२७ च्या कायद्यात ही मुदत कमीत कमी तीन महिन्यांची आहे. त्या मुदतीत सांगितला नाही, तर साधारणपणे हक्क संपला. आता विचार करा. १९६१ मध्येसुद्धा आदिवासींची साक्षरता साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती. मग त्याच्या कितीतरी आधी निघालेला जाहीरनामा पाड्यावर कोणी वाचला असेल? पिढ्यान् पिढ्या कसणारा माणूस एका रात्रीत 'अतिक्रमणदार' झाला. एकदा हा शिक्का बसला की पुढचं सगळं ओघानं येतं. नावावर जमीन नाही म्हणून पीककर्ज अवघड, विहिरीची योजना अवघड, धरणात किंवा खाणीत जमीन गेली तर भरपाई मागणंही अवघड. म्हणजे गरिबीमुळे कागद नाही असं आपण समजतो. पुष्कळदा कागद नाही म्हणून गरिबी असते.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं ही चूक कबूल केली. 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असलेली जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, आदिवासी कुटुंबाच्या हक्काची धरायची. पुरावा म्हणून सरकारी कागद चालतातच. पण नियमांत घर, विहीर, दफनभूमी, देवस्थान यांनाही जागा आहे, आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वृद्ध माणसानं दिलेला, लिहून घेतलेला जबाबही पुरावा मानलेला आहे. आजोबांनी मला दाखवलं ते सगळं या यादीत बसतं!

इथे शंका येईल, म्हातारा खोटं बोलणार नाही कशावरून? रास्त शंका आहे. म्हणून तर कायदा किमान दोन पुरावे मागतो आणि दाव्याची शहानिशा ग्रामसभेत, सगळ्यांसमोर होते. शिवाय कागद खोटा नसतो असं थोडंच आहे? तलाठ्याच्या दप्तराशी ज्याचा एकदा तरी संबंध आला, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता न्यायदर्शनाकडे वळू. शब्द हे प्रमाण कधी? सांगणारा आप्त असेल तेव्हा. आप्त म्हणजे ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. जात नाही, पदवी नाही, हुद्दा नाही. भाष्यकार वात्स्यायन तर स्पष्ट म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. मग ही जमीन कोण कसत आलं, या प्रश्नात आप्त कोण? बांध घातलेला पाहिलेला म्हातारा, की तालुक्याच्या गावी बसलेला कारकून?

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असं नाही. कॅनडात गिटक्सान आणि वेटसुवेटेन या समाजांनी आपल्या भूमीसाठी खटला लढवला. एक वृद्धा जमिनीशी जोडलेलं परंपरागत गाणं न्यायालयात गाणार, तर न्यायाधीशांनीच हरकत घेतली. ऐकून आपल्याला काही कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. १९९१ मध्ये निकाल विरोधात गेला. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मौखिक इतिहासालाही कागदपत्रांच्या बरोबरीनं स्थान द्यावं लागेल, आणि खटला नव्यानं चालवायला सांगितलं.

आपल्याकडे नियम चांगला, पण सवय जुनीच. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दावे नाकारलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. लाखो कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली, आणि दावे नाकारताना कार्यपद्धती पाळली होती का, हे राज्यांना विचारलं गेलं. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच आला: म्हाताऱ्याचं कोणी ऐकून घेतलं होतं का?

तुमच्यापैकी कोणी अशा समितीवर असाल, कोणी वकील असाल, पत्रकार असाल. दावा समोर आला की 'कागद कुठाय?' हा प्रश्न जरूर विचारा. पण तो पहिला नको आणि एकुलता एक तर नकोच. आधी 'हे पाहिलेलं माणूस गावात कोण आहे?' असं विचारा, आणि ते माणूस काय सांगतं ते लिहून घ्या. कायद्यानं तेवढंच तर सांगितलंय. पुढच्या वेळी अनुमानाकडे वळू.