फोटो हलके केले, तर बिल किती हलके होणार?
गुगल खात्यात मोफत जागा १५ जीबी. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. समजा, तुमच्याकडे ४ एमबीचे ५,००० जेपेग फोटो आहेत. म्हणजे झाले २० जीबी. एचईआयसी फॉरमॅटमध्ये तेच साधारण निम्म्या जागेत बसतात. जीमेल आणि ड्राइव्ह उरलेल्या ५ जीबीत मावले, तर पैसे भरायची वेळ येत नाही.

पण ८० जीबीचे ४० केले, तरी महिना १३० रुपयांचा १०० जीबीचा प्लॅन तोच राहतो. बचत शून्य!

जुने फोटो बदलताना दर्जाही थोडा घसरतो आणि मूळ प्रत डिलीट केल्याशिवाय जागा सुटत नाही. लग्नाचे फोटो तसेच राहू द्या. आधी मोठे व्हिडिओ तपासा; जागा बहुतेकदा तेच खातात.