महान घोडा ठरवायचा तरी कसा?

डान्सिंग ब्रेव्ह हा घोडा १९९९ मध्ये जपानमध्ये मरण पावला. त्यानंतर तेरा वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्ये, त्याचे आंतरराष्ट्रीय मानांकन १४१ वरून १३८ वर आणण्यात आले. पूर्वीच्या काळात गुण सढळ हाताने दिले गेले होते, असा मानांकनकर्त्यांचा दावा होता. परिणामी १४० गुणांचा फ्रँकेल अग्रस्थानी गेला आणि शर्यतशौकिनांमध्ये वादाला तोंड फुटले.

फ्रँकेलची कामगिरी निर्विवाद आहे. २०१० ते २०१२ या काळात तो १४ शर्यती धावला आणि त्याने सर्व जिंकल्या. मात्र तो ब्रिटनबाहेर कधी गेला नाही आणि दीड मैलाच्या अंतरावर त्याची कसोटी लागली नाही, हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. डान्सिंग ब्रेव्ह १९८६ ची एप्सम डर्बी हरला. पण त्याच वर्षी पॅरिसमधील आर्क शर्यतीत त्याने अनेक देशांचे अव्वल घोडे मागे टाकले. डर्बीत त्याला नमवणारा शाहरस्तानीही त्यांत होता.

मुळात हे मानांकन म्हणजे पौंडांचा हिशेब. पाठीवर किती वजन घेऊन, कोणाला, किती लांबीने हरवले, यावर ते बेतलेले असते. प्रतिस्पर्ध्यांची किंमत चुकीची धरली गेली, की विजेत्याचीही चुकते.

घड्याळाला प्रतिस्पर्धी लागत नाही. म्हणूनच अमेरिकेत सेक्रेटेरियटचे नाव आजही प्रथम घेतले जाते. ९ जून १९७३ रोजी त्याने बेलमाँट शर्यत ३१ लांबींनी जिंकली. दीड मैलासाठी त्याने घेतलेली २ मिनिटे २४ सेकंदांची वेळ अद्याप अबाधित आहे. त्याआधी केंटकी डर्बीत त्याचा प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा वेगवान होता. सर्वसाधारण घोडा अखेरीस दमतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कामगिरीचे वेगळेपण कळते. तरीही त्याच वर्षी ओनियन आणि प्रूव्ह आउट या तुलनेने सामान्य घोड्यांनी त्याला हरवले. अपराजित राहणे हाच निकष मानला, तर सेक्रेटेरियट बादच ठरतो!

संततीचा निकषही असाच फसवा. फ्रँकेल २०२१ मध्ये ब्रिटन-आयर्लंडमधील अव्वल प्रजनक अश्व ठरला. सेक्रेटेरियटला स्वतःच्या तोडीचा पुत्र लाभला नाही; त्याचे रक्त पुढे गाजले ते ए. पी. इंडी आणि स्टॉर्म कॅट या मुलींच्या पुत्रांमधून.

१९८९ मध्ये सेक्रेटेरियटच्या मृत्यूनंतर झालेल्या शवविच्छेदनात त्याचे हृदय अवाढव्य आढळले. ते सुमारे २२ पौंडांचे असावे, असा अंदाज पशुवैद्यकांनी नंतर वर्तवला. प्रत्यक्षात ते तोलले गेलेच नव्हते. तोलले गेले ते शॅमचे. हा शॅम १९७३ च्या डर्बीत सेक्रेटेरियटच्या अडीच लांबी मागे दुसरा आला होता. बेलमाँटमध्ये तो शेवटचा आला आणि पुन्हा कधी धावला नाही. १९९३ मध्ये तो मेला, तेव्हा त्याच्या हृदयाचे वजन भरले १८ पौंड, सर्वसाधारण घोड्याच्या जवळपास दुप्पट.