नव्हे आणि नाही

साडेदहा वाजलेत. जतच्या कोर्टाच्या आवारात लिंबाच्या सावलीला अज्जी बसलीय. गुडघे वर घेऊन, पदर डोक्यावरून ओढून, समन्स मुठीत धरून. तो कागद इतक्या वेळा उघडला-मिटलाय की मधल्या घडीवरची शाई उडालीय, आणि नेमकं तिचं नावच तिथं आहे. ही तिची तिसरी खेप. पहिल्या वेळी आरोपीचे वकील आजारी पडले, दुसऱ्या वेळी आरोपीच आले नाहीत. तिचा मुलगा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरलाय, म्हणून तिनं मला बरोबर घेतलंय. मी तिचा शेजारी. तालुक्याच्या पूर्व भागातल्या कन्नड शाळेत माझी उभी नोकरी गेली. घरात आम्ही मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर कन्नड. जतच्या या अंगाला यात कुणाला नवल वाटत नाही.

खटला बकऱ्याच्या चोरीचा आहे. लांबून ऐकणाऱ्याला ते किरकोळ वाटेल. पण बकरा माडग्याळी होता. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, उंच पाय, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. माडग्याळ आमच्याच तालुक्यातलं गाव, आणि या जातीला केवढं मोल येतं ते सगळा महाराष्ट्र जाणतो. २०२०च्या डिसेंबरात आटपाडीच्या एका माडग्याळी मेंढ्याला ७० लाखांची मागणी झाल्याचं पेपरात आलं होतं. अज्जीच्या पुतण्याचा बकरा एवढा नव्हता, पण त्याच्या जिवावर घराचं छत घालायचं होतं. २०२२च्या सप्टेंबरात, गणपती उठल्यावर चारपाच दिवसांत, रात्री दोघांनी तो वाड्यातून ओढून नेला. वाड्याशी झोपलेली होती अज्जी. पाहिलं तिनं एकटीनं.

गेटाबाहेर चहाच्या गाड्यावर पुतण्या उभा आहे. तीन वर्षं झाली, त्याचा राग जिथल्या तिथं आहे.

"मास्तर, त्याच रात्री धरून बडवला असता तर तिथंच निकाल लागला असता."

"हात तोडाय पायजेत असल्यांचे," चहावाला म्हणतो.

बाकड्यावरचे दोघं माना हलवतात. एक जण शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ऐकवतो. मी चहा संपवतो आणि गप्प राहतो. पुतण्याचं नुकसान खरं आहे, त्याच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. पण ती म्हण मी आता तोंडातून काढत नाही.

पुकारा होतो.

आतली खोली लहान आहे. न्यायाधीश बाई तिशी-पस्तिशीच्या. समोर सरकारी वकील, पलीकडे बचावाचे वकील, कडेला संगणकावर टंकलेखक. मागं भिंतीला टेकून आरोपी क्रमांक १ उभा आहे. बावीस-तेवीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, पायात स्लीपर. आरोपी क्रमांक २ आज आलेला नाही; त्याच्या हजेरी माफीचा अर्ज मंजूर झालाय, त्याचे वकील हजर आहेत, साक्ष थांबणार नाही.

"आजी, मराठी येतं का?" बाई विचारतात.

"येतंय, येतंय," अज्जी म्हणते. बाजारापुरती मराठी तिला येतेच. देवाची आण घेऊन खरं सांगेन म्हणते. आण हा शब्द तिला परका नाही, कन्नडातही तो आणेच आहे.

मुद्देमालाचं पाकीट फोडतात. लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, आत बकऱ्याच्या गळ्यातला पट्टा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्त्याकडेला सापडला होता. कातडं वाळून कडक झालंय. पट्ट्याला तीन घुंगरं आहेत, चौथ्याच्या जागी नुसती तार. अज्जी तो हातात घेते आणि कुणी विचारायच्या आत त्या तारेवर अंगठा ठेवते. "ही मी वळलीया," म्हणते. घुंगरू तुटल्यावर कातडं फाटू नये म्हणून तिनं ती वळून बसवली होती. एवढी खूण सांगायला पंचनाम्याला अर्धं पान लागलं असतं.

आता सरकारी वकील मुद्द्याचा प्रश्न विचारतात. "बकरा ओढत नेणारा माणूस तुम्ही पाहिलात. तो कोण, ते सांगा. इथं बघून सांगा."

अज्जी वळते. मागच्या भिंतीकडं बघते. पोरगा मान वर करतो. ती बराच वेळ बघत राहते, आणि महत्त्वाचं बोलताना माणूस जसा आपल्या भाषेत येतो तशी कन्नडात येते.

"अंव अल्लरी."

दाराशी उभे असलेले पैरवीचे हवालदार मदतीच्या भावनेनं लगेच म्हणतात, "तो नाही म्हणतीय, साहेब."

टंकलेखकाची बोटं हलायला लागतात.

"थांबा," बाई म्हणतात. "तो नाही म्हणजे काय? तो माणूस आज इथं हजर नाही, की हा इथं उभा आहे तो तो माणूस नव्हे?"

खोली गप्प होते. माझ्या पोटात कालवाकालव होते, कारण कन्नडात यात घोटाळाच नाही. कन्नडात नकार दोन आहेत. इल्ल म्हणजे नाही: घरात पीठ नाही, विहिरीला पाणी नाही, माणूस जागेवर नाही. अल्ल म्हणजे नव्हे: ही माझी मेंढी नव्हे, हा तो माणूस नव्हे. कन्नडाच्या कानाला हे दोन्ही इतके वेगळे की लेकरूही चुकत नाही. मराठीत मात्र हवालदारांच्या तोंडी दोन्हींचा एकच 'नाही' झाला.

आणि आज त्या एका शब्दावर दोन माणसं अडकलीत. 'तो माणूस कोर्टात हजर नाही' असं टाइप झालं, तर वाचणारा काय समजेल? आज कोण हजर नाही? आरोपी क्रमांक २. म्हणजे अज्जीनं ज्याच्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही त्याच्याकडं बोट जाईल. आणि तिनं जे खरोखर सांगितलं, हा पोरगा तो नव्हे, ते कागदावर येणारच नाही. वरच्या कोर्टात अज्जीचा चेहरा जात नाही, तिचं वळून बघणं जात नाही. कागद तेवढा जातो.

हवालदार पुढं सरतात. बाई त्यांना हातानं थांबवतात. "तुम्ही तपासाच्या बाजूचे. दुसरं कुणी कन्नड जाणणारं आहे?"

मी उठत नाही. मी अज्जीबरोबर आलोय, फिर्यादीच्या घरी माझं जाणं-येणं आहे. मी सांगितलेला अर्थ खरा असला तरी तटस्थ धरला जाणार नाही. मागच्या रांगेतून एक वकील उठतात, या खटल्याशी त्यांचा संबंध नाही. खरं भाषांतर करीन अशी शपथ ते घेतात. प्रश्न पुन्हा विचारला जातो, या वेळी कन्नडात. अज्जी पुन्हा तेच म्हणते, जरा वैतागून, कारण तिनं एकदा सांगितलंय.

"अल्ल म्हणजे नव्हे, मॅडम," वकील सांगतात. "त्या म्हणतात, तो माणूस हा नव्हे. हजर आहे की नाही, ते त्या बोलल्याच नाहीत."

पिंजऱ्यातून अज्जी मान डोलावते, आणि या बाजूची म्हातारी माणसं म्हणतात तसा शब्द टाकते. "न्हवं. न्हवं."

म्हणजे मराठीतही तो शब्द होता. आहे. शाळेच्या पुस्तकात 'नव्हे', आमच्या शिवारात 'न्हवं'. आम्हीच तो वापरायचा सोडत चाललोय.

पोरगा आपल्या वकिलांकडं झुकतो. त्याला कन्नडाचा एक शब्द येत नाही. त्याच्याविरुद्धच्या खटल्यात सर्वांत मोलाचं वाक्य बोललं गेलं आणि ते त्यालाच कळलेलं नाही. बाई भाषांतर करणाऱ्या वकिलांना सांगतात, "आरोपीला ऐकू जाईल असं मराठीत सांगा." ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हे होतं आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे: साक्ष आरोपीला न कळणाऱ्या भाषेत झाली, तर भर कोर्टात त्याला त्याच्या भाषेत सांगायची. १९९८च्या अधिसूचनेनं खालच्या न्यायालयांची भाषा मराठी झाली, ते योग्यच झालं. मराठी माणसाला आपल्या खटल्यात काय चाललंय ते कळलं पाहिजे. पण जतसारख्या तालुक्यात मराठीच्या दारात कन्नड साक्षीदार रोज उभा असतो. इथं भाषांतर करणारा माणूस कायम नेमलेला हवा, मागच्या रांगेत कोण बसलंय यावर हे सोडून चालणार नाही.

उलटतपासात वकील अंधाराचं विचारतात, अंतर विचारतात, मोतीबिंदूचं विचारतात. अज्जी सगळ्याला उत्तर देते. चांदणं होतं. चाळीस पावलं. डोळ्याचं ऑपरेशन त्याआधीच झालं होतं. नेणारा उंच होता, हा तेवढा नव्हे. दुसरा कुठं होता? रस्त्यावर, मोटारसायकलपाशी. त्याचं तोंड पाहिलं? "इल्ल," ती म्हणते. नाही. या वेळी तो दुसरा नकार, आणि तोही बरोबर तसाच लिहिला जातो.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पुन्हा झाडाखाली येतो. पुतण्या अज्जीवर चिडलाय. तू आमच्या बाजूची का त्यांच्या, असं विचारतो. ती भाकरी सोडते, त्याच्या हातात अर्धी देते आणि बोलत नाही.

मी मात्र बोलतो. म्हणतो, तुला त्याच रात्री बडवायचा होता ना? त्या रात्री गाव जमलं असतं तर काठी कुणावर पडली असती? दुसऱ्या दिवशी संशयावरून धरला होता तो हाच. अज्जीला विचारायला कोण थांबलं असतं?

त्याला आठवत असेल, नसेल. मला तो महिना विसरता येत नाही. बकरा गेला त्याच महिन्यात, १३ सप्टेंबर २०२२ला, याच तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना जमावानं मारलं. ते विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. एका पोराला त्यांनी वाट विचारली. विचारली हिंदीत. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही आवई तेव्हा प्रत्येकाच्या मोबाइलात होती, आणि गावानं त्यांना गाडीतून ओढून काठ्यांनी, पट्ट्यांनी झोडपलं. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा ते खरोखरच साधू निघाले. ते जिवंत राहिले. त्याआधी चार वर्षं, १ जुलै २०१८ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असंच झालं तेव्हा पाच जण मेले. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले. जतची शीव ओलांडली की मंगळवेढा. त्या पाचांनाही कुणी विचारलं नाही, विचारलं असेल तर ऐकलं नाही.

त्यानंतर बरोबर सहा वर्षांनी, १ जुलै २०२४ला, नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून खून केला तर मृत्युदंड किंवा जन्मठेप, असं कलम १०३मध्ये आता स्पष्ट लिहिलंय. त्या यादीत भाषा हा शब्द आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

शिक्षा व्हायलाच पाहिजे, आणि चोराला झाली तर मला आनंद होईल. माझं म्हणणं एवढंच की आधी नीट ऐका. कोर्टाला वेळ लागतो म्हणून आपण सगळे चिडतो. त्या वेळात दोन तऱ्हेचा वेळ असतो. अज्जीच्या पहिल्या दोन खेपा वाया गेल्या, तीन वर्षं गेली. तो वेळ अन्यायाचा, आणि तो कुणी न्यायाच्या नावावर खपवू नये. पण आज 'अल्ल' या एका शब्दासाठी जी दहा मिनिटं गेली, ती कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही. ती दहा मिनिटं लवंग्यात कुणी दिली नाहीत.

अंतरही त्या वाया जाणाऱ्या वेळासारखंच. जतहून सांगलीचं सत्र न्यायालय ऐंशी-नव्वद किलोमीटर. वरचं न्यायालय म्हणजे इतकी वर्षं मुंबई. ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा ते आमच्या आवाक्यात आलं.

साडेतीनला अज्जीला पुन्हा बोलावतात. जबाब तिला वाचून दाखवायचाय. वकील एकेक ओळ मराठीत वाचतात आणि कन्नडात सांगतात. ती प्रत्येक ओळीला "हौदु" म्हणते, हो म्हणते. एका ठिकाणी ती अडवते. कागदावर पन्नास पावलं पडलंय. ती चाळीस म्हणाली होती. ते दुरुस्त होतं. मग ती डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकते आणि पदराला पुसते. साक्षीदाराचा भत्ता मिळायला अर्धा तास जातो.

पुढची तारीख महिन्यानंतरची पडलीय, आरोपी क्रमांक २नं त्या दिवशी हजर राहायचंय. पावणेपाचला आम्ही संखच्या एसटीत बसतो. पुतण्या मागच्या सीटवर, खिडकीकडं तोंड करून. पट्टा पुन्हा पाकिटात, नव्या सीलखाली कोर्टातच राहिला. जबाबाच्या दुसऱ्या पानावर ओळ आहे: 'कोर्टात हजर असलेला आरोपी क्रमांक १ हा बकरा नेणारा इसम नव्हे.' बकरा अजून सापडलेला नाही.