गॅमेक्झिनचा माग

पन्नास-साठच्या दशकांत मलेरियाचे फवारणीवाले कोल्हापूरकडच्या गावोगावी घरांच्या भिंतींवर डीडीटी मारत फिरत. उसाला हुमणी लागली की सरीत बीएचसीची भुकटी पडायची, भातावर तिचीच धुरळणी व्हायची. शेतकऱ्यांच्या तोंडी ती गॅमेक्झिन. देशात बीएचसीचा कारखाना 1952 साली कोलकात्याजवळ निघाला, मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1953 चा. दोन-चार पाऊस झाले की वास जाई आणि औषध धुऊन गेलं असं सगळे धरून चालत. गेलं खरं, पण सगळंच ओढ्यातून नव्हे. ही रसायनं उन्हात वाफ होऊन उडतात, गारव्यात खाली बसतात, पुन्हा उडतात. अशा टप्प्याटप्प्यांनी ती थंड मुलखात जाऊन अडकतात.

1966 मध्ये अंटार्क्टिकातल्या अॅडेली पेंग्विनच्या शरीरात डीडीटी सापडलं. 1969 मध्ये टोनी पीटर्ले या संशोधकाने ते तिथल्या बर्फातही असल्याचं सांगितलं आणि त्या खंडावर 2,400 टन डीडीटी साठलं असावं, असा हिशेब मांडला. पुढच्या मोजण्यांत आकडे कितीतरी खाली आले. इथं मोजणाऱ्याचे कपडे, डबे, जहाजाचा धूर, काहीही नमुना बिघडवू शकतं. म्हणून नमुन्याच्या बरोबरीने कोरं पाणीही त्याच सगळ्या सोपस्कारांतून नेतात आणि त्यात जे निघेल ते वजा करतात. मला या शास्त्रातली ही वजाबाकीच सर्वांत भरवशाची वाटते. बर्फ वितळवून ते पाणी राळेतून गाळायचं, राळेला चिकटलेलं द्रावकात उतरवायचं आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासायचं. हाती लागतात ते लिटरमागे पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे लाख कोटीवे भाग.

विष कुणाचं, हे बर्फ सांगत नाही. थोडा सुगावा मात्र देतो. बीएचसीच्या भुकटीत अल्फा हा घटक साठ-सत्तर टक्के असतो, किडे मारणारा गॅमा थोडाच. लिंडेन म्हणजे जवळपास निव्वळ गॅमा. अल्फा आणि गॅमाच्या प्रमाणावरून कोणता माल वापरात होता, याचा अंदाज बांधता येतो. करवीर तालुक्यातली भुकटी ध्रुवावर पोचली, असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पोचली नाही, असंही नाही. एव्हरेस्टच्या बर्फात खोल छेद घेऊन काढलेल्या गाभ्यात तर डीडीटीचा चढ सत्तरच्या दशकातला आहे, आणि तिथे पावसाळ्यात हवा आपल्याच बाजूने जाते.

शेतीतलं डीडीटी 1989 मध्ये बंद झालं, बीएचसी 1997 मध्ये. अशा टिकाऊ विषांवर बंधनं घालणारा स्टॉकहोम करार 2001 चा, भारताने तो 2006 मध्ये मान्य केला. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. तिथे बर्फाचे गाभे उणे 20 अंशांवर जपून ठेवतात. कोल्हापूरहून घाट उतरून एका दिवसात जाऊन येण्याजोगं ते अंतर, पण आपल्याकडच्या औषधविक्रीच्या जुन्या वह्या आणि ते गाभे शेजारी ठेवून पाहावेत, असं आपल्याला सहसा सुचत नाही.

दरम्यान बर्फ वितळू लागला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम अंटार्क्टिकातल्या अॅडेली पेंग्विनमधलं डीडीटी तीस वर्षांत घटलेलंच दिसलं नाही. त्या किनाऱ्यावर हिमनद्यांतून दरवर्षी 1 ते 4 किलो डीडीटी समुद्रात उतरत असावं, असा त्या अभ्यासकांचा अंदाज होता.