श्रोत्याचा शोध : मद्यमुक्तीची सभा कशी निवडावी

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यात पिणाऱ्यांची एक संघटना आहे. तळीरामाच्या 'आर्यमदिरामंडळा'ला सभासद आहेत, सभा आहेत, तत्त्वचर्चाही आहे. दारू सोडू पाहणाऱ्यासाठी मात्र त्या नाटकात कोणतेही मंडळ नाही. सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो तेव्हा सिंधूची निष्ठा आणि रामलालचा स्नेह त्याच्याजवळ असतो. परंतु त्याच वाटेने जाऊन परत आलेला एकही मनुष्य त्याला भेटत नाही. शपथ टिकत नाही. या शोकांतिकेची मीमांसा करताना ही उणीव सहसा नजरेआड होते.

ती भरून काढणारी घटना १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी घडली. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोघे मद्यासक्त एकमेकांशी बोलू लागले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उदयास आली. भारतात ती १९५७ साली पोहोचली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले. तेथेही उपचारांइतकेच महत्त्व परस्परांच्या अनुभवकथनाला आहे.

या सभेचे स्वरूप साहित्याच्या अभ्यासकाने समजून घेण्याजोगे आहे. तेथे व्याख्याता नसतो. प्रत्येक जण केवळ पहिले नाव सांगून आपण पूर्वी कसे होतो, काय घडले आणि आज कसे आहोत एवढेच निवेदन करतो. कोणी मध्येच बोलत नाही. उपदेश करत नाही. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि आत्मनिवेदन शेवटचे आहे. सभेतील क्रमही काहीसा असाच असतो. नवागताने प्रथम नुसते ऐकले तरी चालते.

मग योग्य सभा कोणती? खुल्या सभेला कुटुंबीय, विद्यार्थी, कोणीही जाऊ शकतो. बंद सभा केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. ज्याचा अद्याप निश्चय होत नाही त्याने खुल्या सभेपासून आरंभ करावा. एकाच सभेवरून मत बनवू नये. चार-पाच निरनिराळ्या सभा पाहाव्यात, कारण प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. स्त्रियांना केवळ स्त्रियांच्या सभेत अधिक मोकळेपणा वाटू शकतो. पत्नी, पती, मुले यांच्यासाठी १९५१ साली स्थापन झालेली 'अल-अ‍ॅनॉन' ही वेगळी संघटना आहे. सभेचे स्थळही विचारात घ्यावे : ज्या संध्याकाळी प्यावेसे वाटते त्या संध्याकाळी पायी गाठता येईल अशी सभा दूरच्या नामांकित सभेपेक्षा बरी.

जबलपुरातील मराठी माणसापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो भाषेचा. हे शहर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होते आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. त्यामुळे येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी घराणी आहेत. बाजारात आणि कचेरीत ती हिंदी बोलतात. परंतु दारूपायी घरात जे बोलले गेले, जी वचने दिली आणि मोडली, ती मराठीत. अशा माणसाने आपली कथा कोणत्या भाषेत सांगावी? मातृभाषेत सांगितली तर शब्द अचूक सापडतात, पण लज्जाही तितकीच उसळते. शिवाय लहानशा समाजात ऐकणारा नात्यातला किंवा ओळखीचा निघण्याची धास्ती असते. हिंदीत सांगितली तर थोडे अंतर मिळते, आणि त्या अंतराच्या आधाराने प्रथमच खरे बोलता येते. मात्र तेच अंतर पुढे आडोसाही होऊ शकते. म्हणून हिंदी सभेत आरंभ करावा आणि धीर आल्यावर दूरध्वनीवरून वा संगणकाच्या पडद्यावर भरणाऱ्या मराठी सभेचा, अथवा निदान एका मराठी सोबत्याचा शोध घ्यावा. कोणत्या भाषेत आपण स्वतःला फसवत नाही, हीच येथे कसोटी.

काही गोष्टी मात्र तडजोडीच्या नाहीत. सभेला शुल्क नसते; सभासद स्वेच्छेने देतात त्यावर खर्च चालतो. ईश्वराचा उल्लेख होतो, पण ज्याला जसा उमगेल तसा. धर्म वा जात विचारली जात नाही. जेथे पैसे मागितले जातात, येथले बोलणे बाहेर जाते, अथवा वैद्याची औषधे सोडण्यास सांगितले जाते, ती सभा सोडून द्यावी. दीर्घकाळ नित्य पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवल्यास झटके किंवा भ्रम होऊन जीवावर बेतू शकते. म्हणून अशा माणसाने प्रथम रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञास भेटावे. सभा हा उपचाराचा पर्याय नव्हे, जोड आहे. शासनाच्या १४४४६ या दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

गडकऱ्यांच्या नाटकात एका प्याल्यापासून विनाशाचा आरंभ होतो. सभेतील मंडळीही पहिल्याच प्याल्याला भितात. फरक इतकाच, की तो 'जन्मभर' न घेण्याची शपथ त्या वाहत नाहीत, 'आज' तेवढा टाळतात आणि उद्या पुन्हा येऊन तसे सांगतात. सुधाकराजवळ शपथ होती. ती ज्याच्यापाशी रोज नव्याने सांगावी असा श्रोता त्याला लाभला नाही.