एका घरात, अनेक मंडळ्यांची सायंप्रार्थना

नवापूर तालुक्यातले चिंचपाडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे लहान गाव. त्याचे नाव दूरवर पोचले ते तिथल्या ख्रिस्ती रुग्णालयामुळे. हे रुग्णालय चालवणारी इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन १९७० साली निघाली, ती निरनिराळ्या मिशनांची रुग्णालये एका छत्राखाली आणण्यासाठी. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. सेवेसाठी आणि कारभारासाठी मंडळ्या अशा जवळ आल्या, पण उपासनेचे काय? बाप्तिस्मा कोणत्या वयात द्यायचा, प्रभुभोजन कोणाच्या हातून घ्यायचे, हे वाद शतकानुशतके सुटलेले नाहीत. ते सुटेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही, असे माझे ठाम मत आहे. वेगवेगळ्या मंडळ्यांच्या माणसांनी आजच एकत्र प्रार्थना करावी अशी जागा आहे, आणि ती म्हणजे घर. वेळ दिवेलागणीची.

सायंप्रार्थनेत असते काय? एक स्तोत्र, पवित्र शास्त्रातला एखादा उतारा, आजाऱ्यांची नावे घेऊन केलेली विनवणी, थोडी शांतता, प्रभूची प्रार्थना आणि गाणे. यातल्या एकाही गोष्टीला पाळक किंवा फादर लागत नाहीत, वेदीही लागत नाही. म्हणूनच वादाचे मुद्दे तिथे आपोआप बाहेर राहतात. ही कल्पना आजची नाही. दिवे लावताना म्हणायच्या ग्रीक गीताला चौथ्या शतकातला बिशप बेसिलसुद्धा जुनेच म्हणतो. फ्रान्समधल्या तेझे इथल्या मठात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक बंधू एकत्र राहतात. त्यांनी लहान ओळी पुन्हा पुन्हा गाण्याची रीत रुजवली, ती नवख्यालाही दोन-तीन फेऱ्यांत येते. भजनात वाढलेल्या मराठी माणसाला ती शिकवावी लागणार नाही. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, ढोलकी असली तर ठीक, नाहीतर टाळी आहेच.

मराठी ख्रिस्ती गीतांनी मंडळ्यांच्या भिंती फार पूर्वीच ओलांडल्या आहेत. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. पण त्यांची पदे त्या मिशनपुरती राहिली नाहीत. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून ती अनेक मंडळ्यांत गायली जातात. १९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ काढला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. भजनाचा बाज ख्रिस्ती नव्हे, असा आक्षेप अजून ऐकू येतो. पण फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते ओवीतच. आपल्या लोकांचा छंद वापरून ख्रिस्ताची कथा सांगण्याला इथे चारशे वर्षांची परंपरा आहे.

याहून गंभीर आक्षेप असा, की मतभेद बाजूला ठेवून केलेली प्रार्थना वरवरची ठरते. पण स्तोत्रे आणि प्रभूची प्रार्थना हा सगळ्यांचा समान ठेवा आहे. त्यातल्या क्षमेच्या मागणीला वरवरचे म्हणणे मला जमत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली इतर ख्रिस्ती बंधूंसोबत ऐक्यासाठी प्रार्थना करणे इष्ट मानले, आणि तेही मतभेद न लपवता. घरची प्रार्थना रविवारची मंडळी ओस पाडील, ही भीतीही मला पटत नाही. रोज घरी गाणारा माणूस रविवारी गप्प बसत नाही. मात्र एक आक्षेप मी मान्य करतो. मोबाइलवर गीते लावून सगळे नुसते ऐकत बसले, तर प्रार्थना होत नाही, कार्यक्रम होतो. चाल शिकण्यापुरता फोन जरूर वापरावा, मग तो बंद करावा. सगळ्यांना गाता यावे, तर भाषाही घरची हवी. नवापूर भागात अनेक घरांत मावची बोलली जाते. एखादे पद मराठीत आणि पुढचे मावचीत झाले, तर घरातली आजीही ते उचलून धरील.